रणाचे पंचांग : छायाचित्रकाराच्या प्रवासाची आखणी

छायाचित्रणासाठी स्वतःच्या गाडीने लांब निघणारा माणूस आधी नकाशा उघडतो. कच्छच्या छोट्या रणाला जायचे असेल, तर आधी पंचांग उघडावे. इथला भूगोल ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात बनास, रूपेण आणि सरस्वती या नद्यांचे पाणी रणात उतरते, कच्छच्या आखाताकडून नैऋत्य वारे समुद्राचे पाणी आत लोटतात आणि सपाट जमिनीवर उथळ सरोवर साचते. ‘बेट’ म्हणून ओळखले जाणारे उंचवटे तेवढे कोरडे राहतात. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागते आणि चैत्र-वैशाखात तीच भूमी भेगाळलेली, मृगजळाने थरथरणारी दिसते. म्हणून ‘रण पाहायचे’ एवढ्यावर आखणी होत नाही. कोणते रण पाहायचे, हे आधी ठरवावे लागते.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, अभयारण्य बंद असते. त्यानंतर पाण्यातली प्रतिबिंबे हवी असतील तर नोव्हेंबर, करकोचे आणि धुके हवे असेल तर डिसेंबर-जानेवारी, मृगजळ आणि मिठाची रास हवी असेल तर मार्च योग्य. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे कांड्या करकोचे आणि त्यांचे मोठे भाईबंद पाणथळींवर रात्र काढतात व पहाटे शेतांकडे झेपावतात. ते उडण्यापूर्वी अर्धा तास आपण जागेवर पोचलेलो असावे.

वेळेचा हिशेबही वेगळा करावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. छोटे रण साधारण 71.5 अंशांवर. फरक 11 अंशांचा, अंशाला 4 मिनिटे धरली तर 44 मिनिटांचा. नागपूरकराला सवयीची असलेली सकाळ इथे सुमारे अर्धा तास उशिरा उजाडते. चंद्राचा हिशेब असाच उपयोगी पडतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. आदल्या दिवशी तो त्याआधीच वर येतो, म्हणून जमिनीवर उजेड असतानाच चंद्रही चौकटीत मिळतो. पांढऱ्या रणासाठी चतुर्दशी निवडावी ती यासाठी.

मार्गाचा आराखडा असा : मुंबई ते अहमदाबाद सुमारे 530 किलोमीटर. हे अंतर एका दिवसात उरकण्यापेक्षा भरूच किंवा बडोद्याला मुक्काम करावा. थकलेल्या डोळ्यांना पहाटेचा प्रकाश दिसत नाही. दसाडा-झैनाबाद परिसरात तीन रात्री, नंतर रापरमार्गे खडीर बेटावरील धोळावीरा, तिथून रणातून खावड्याकडे जाणारा रस्ता, बन्नीचे गवताळ प्रदेश आणि शेवटी भूज. मोठे रण सीमेलगत असल्याने तिथे जाण्यासाठी परवाना लागतो, म्हणून सर्वांची ओळखपत्रे हाताशी हवीत. परवानगीवाचून ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये.

गाडी कितीही दणकट असली, तरी ती स्वतः रणात घालू नये. वरचा पापुद्रा कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. रुतलेली गाडी काढायला मैलभर परिसरात दगडही सापडत नाही. अभयारण्यात स्थानिक वाटाड्या आणि त्याची जीप घ्यावी. कोणती वाट काल ओली होती, हे त्यालाच ठाऊक असते. परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर मीठ लोखंड खाते. लेन्स रणात बदलू नये; इथली बारीक धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक आभाळात डाग दिसतो.

आता मुख्य मुद्दा. छोट्या रणातील रानगाढव, म्हणजे खुर, एके काळी संपायच्या बेतात होते. 1962 च्या गणनेत 870 असलेली संख्या साथीच्या रोगांनंतर 1967 मध्ये 362 वर आली. संरक्षणानंतर ती वाढत गेली आणि 2024 मध्ये 7,672 नोंदली गेली. धुरळा उडवत धावणाऱ्या कळपाचे छायाचित्र सर्वांनाच हवे असते. त्यासाठी जीप मागे लावली जाते आणि वाटाड्याही, पैसे देणारा खूश व्हावा म्हणून, वेग वाढवतो. खुराची पिल्ले पावसाळ्यात जन्मतात. नोव्हेंबरमध्ये आपण ज्या कळपाला पळवतो, त्यात काही महिन्यांची पिल्ले असतात. तुटपुंज्या चाऱ्यावर साठवलेली ताकद त्या धावण्यात जाते.

उपाय आखणीतच आहे. एका ठिकाणी एकच सकाळ ठेवली, की घाई होते आणि घाईतून पाठलाग. तीन सकाळी ठेवल्या, की जीप बंद करून थांबता येते आणि कळप चरत चरत स्वतः जवळ येतो. वाटाड्याशी सौदा करताना किलोमीटरचा नव्हे, तासांचा करावा, म्हणजे थांबण्यात त्याचे नुकसान होत नाही.

हीच शिस्त अगरियांबाबत पाळावी. खारे पाणी उपसून, कुटुंबासह महिनोन् महिने रणात राहून ते मीठ पिकवतात. त्यांच्या मिठागराच्या बांधावरून गाडी नेऊ नये. आधी बोलावे, चहा घ्यावा, मग विचारून कॅमेरा काढावा. नकार मिळाला तर तो मानावा.

मुक्काम वाढला की खर्चही वाढतो. पैसे मोजकेच असतील तर धोळावीरा किंवा बन्नी पुढच्या वर्षावर ढकलावे. दसाड्याची तिसरी सकाळ मात्र कापू नये.