बी८००० या पत्त्यावर

कामठीहून नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्या आमच्यासारख्या मुलांच्या दप्तरात एक पुस्तक हमखास असायचं: यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सी ही भाषा शिकवणारा लेखक आपल्या नागपूरचा, याचा कोण अभिमान वाटायचा!

त्या दिवसांत डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मशीनवर केलेला एक प्रयोग मी अजून विसरलेलो नाही. सीमध्ये पॉइंटर नावाची चीज असते. मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता ती जवळ बाळगते. मी तिच्यात बी८००० हा पत्ता भरला (सोळाच्या पायावरचे आकडे, म्हणून त्यात 'बी'). त्या जागी ६५ ठेवले आणि शेजारच्या घरात ४. प्रोग्राम चालवला, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात वर, लाल रंगाचा इंग्रजी 'ए' उमटला!

छापण्याची आज्ञा मी दिलेलीच नव्हती. पडदा हाच मेमरीचा एक तुकडा होता. २५ ओळी, ओळीत ८० अक्षरं, प्रत्येक अक्षराला दोन बाइट. एकात अक्षर, दुसऱ्यात रंग. सगळे मिळून ४००० बाइट, आणि त्यांतला कुठलाही माझ्या हाताच्या अंतरावर.

डॉसने मला अडवलं नाही, कारण तिच्या घराला आतून भिंतीच नव्हत्या. कानेटकरांनी सीमधून टीएसआर लिहिण्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. टीएसआर म्हणजे काम संपल्यावरही मेमरीत ठाण मांडून बसणारा प्रोग्राम. मेमरीच्या अगदी सुरुवातीला १०२४ बाइटचा एक तक्ता असे. घड्याळाचा ठोका पडला, कळ दाबली, की कुठे धावायचं त्याचे २५६ पत्ते त्यात. त्यातला एक पत्ता बदलून स्वतःचा घातला, की सेकंदाला सुमारे १८ वेळा पडणारा तो ठोका तुमच्या दारी यायचा. कॉलेजातल्या पोराने लिहिलेलं फंक्शन बघता बघता ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग होऊन बसायचं.

एका भाषेत एवढी ताकद आली कुठून? सी जन्मली तीच मुळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या घरात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्स सुरू केली, ती असेम्ब्लीत. त्यांची बी ही भाषा फक्त एकच माप ओळखायची, मशीनचा शब्द. पुढे आलेलं पीडीपी-११ हे मशीन मात्र एकेका बाइटला पत्ता देणारं. त्याला शोभेल असा एका बाइटचा 'कॅर' हा प्रकार थॉम्पसन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी भाषेत आणला आणि बीची सी होऊ लागली.

१९७२ मध्ये थॉम्पसन यांनी युनिक्स या नव्या भाषेत उतरवून पाहिली आणि प्रयत्न सोडून दिला. तेव्हा सीमध्ये 'स्ट्रक्चर' नव्हतं. युनिक्सच्या डिरेक्टरीतली एक नोंद पाहा: दोन बाइटमध्ये फाइलचा क्रमांक, पुढच्या १४ बाइटमध्ये नाव. एकूण १६. क्रमांक आणि नाव यांची अशी एकत्र मोट बांधायची सोयच भाषेत नसेल, तर फाइलव्यवस्था लिहायची कशी? स्ट्रक्चर आलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहून झाला. युनिक्सला अडलं म्हणून भाषा वाढली, आणि भाषा वाढली म्हणून पुढे युनिक्स एका मशीनवरून दुसऱ्यावर जाऊ शकली. मला ही गोष्ट अजून थक्क करते.

माझा लाल 'ए' आज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर उमटत नाही. तीच ओळ लिहा, उत्तर येतं 'सेगमेंटेशन फॉल्ट'. प्रोसेसरच्या मदतीने लिनक्स प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची वेगळी मेमरी असल्याचा भास देते. भिंत अशी उभी राहिली. पण भिंतीपलीकडचा लिनक्सचा गाभाही बहुतांशी सीमध्येच लिहिलेला आहे, आणि तिथे एक पॉइंटर चुकला तर अख्खी सिस्टीम कोसळू शकते.

म्हणून आता भिंत खुद्द भाषेत बांधायला घेतली आहे. रस्ट या भाषेचा कंपायलर मेमरीच्या अशा बऱ्याच चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ मध्ये रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली.

घरात 'लेट अस सी'ची एखादी जुनी प्रत असेल तर काढा. त्यात 'इंट' ३२७६७ वर संपतो, कारण तो डॉसवरच्या १६ बिटी कंपायलरचा, दोन बाइटचा इंट आहे. मग आपल्या लॅपटॉपवर दोन ओळींचा प्रोग्राम लिहून इंट किती बाइटचा, हा प्रश्न विचारा. उत्तर ४ येईल.