थंडीतले इंजिन आणि पाण्याचा फवारा

माठातले पाणी गार का होते, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. हीच युक्ती मोटारीच्या इंजिनातही वापरतात.

सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात हवा दाबून भरतात. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून जोर अधिक. पण सायकलचा पंप मारताना तो कसा तापतो, ते आठवा. दाबलेली हवा तापतेच. मग ठिणगीने पेटलेली ज्योत सगळीकडे पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. हे चालू राहिले तर दट्ट्याला भोक पडते.

यावर उपाय म्हणून आत जाणाऱ्या हवेत पाणी व मिथेनॉल यांचा बारीक फवारा सोडतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत असे निम्मे-निम्मे मिश्रण वापरीत. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीच्या ‘जेटफायर’ मोटारीत हीच सोय होती. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते; मिथेनॉलला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण मिथेनॉल ६५ अंशांवरच उकळते, स्वतः जळते आणि पाण्याला गोठू देत नाही.

आता थंड देशांतला हिवाळा घ्या. नुसते पाणी शून्य अंशावर गोठून नळी फुटेल. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३० अंशांतही पातळ राहते. मात्र मिथेनॉल वाढवले, की ते इंधनात जमा होते. तेव्हा पेट्रोलचे प्रमाणही पुन्हा पाहावे लागते.

दुसरी गोष्ट फवाऱ्याच्या मापाची. गार हवेत थेंब नीट उडत नाहीत. ते नळीच्या भिंतींना चिकटतात, एका सिलिंडरात जास्त तर दुसऱ्यात कमी जातात, ज्योत मंदावते आणि इंजिन गुदमरते. म्हणून हिवाळ्यात तोटी लहान बसवतात, किंवा हवेचा दाब बराच वाढल्यावरच फवारा सुरू होईल असे करतात.

मग थंडीत फवारा बंदच का करू नये? कारण शून्य अंशाची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने दाट असते. सिलिंडरात हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त लागते आणि आतला दाबही वाढतो. धोका कमी होतो खरा, पण संपत नाही.

तेव्हा इंजिन पुरते तापू द्यावे, एका वेळी एकच बदल करावा आणि कान देऊन ऐकावे. ठोके नसताना इंजिन अडखळले, तर फवारा जास्त झाला असण्याचा संभव असतो; ठोके ऐकू आले, की लगेच दाब कमी करून आधीच्या मापावर यावे. जेटफायरमध्ये टाकी रिकामी झाली, की हवेचा दाब आपोआप कमी होई. ही व्यवस्था शहाणपणाची होती, कारण टाकी भरायला पुष्कळ मालक विसरत.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः शिक्षकांसाठी. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे असले, तरी ते जहर आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, प्राणही जातो. मुंबईत मालवणीला २०१५ साली मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी ठेवू नका. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि मुलांना त्याचे कारण समजावून सांगा.