रात्रीची भूक

वजन उतरविण्यासाठी आमच्या वसतिगृहातील काही मित्रांनी रात्रीचे जेवणच सोडले आहे. बाराच्या सुमारास मात्र हात शेवेच्या (बेळगावचेच आपण, म्हणून कुंद्याच्याही!) डब्याकडे वळतो. याला मी मनाचा दुबळेपणा म्हणणार नाही. जठरातून स्रवणारे 'घ्रेलिन' हे भूक चाळविणारे संप्रेरक १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. पुढे शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. दहा तासांच्या झोपेशी तुलना करता त्यांच्यातील घ्रेलिन २८ टक्क्यांनी अधिक भरले. ओढ वाढली ती गोडाधोडाची नि खारट पदार्थांची. म्हणजे जागरण आणि उपाशी पोट ही जोडी वजनाच्या मुळावरच येते. रात्री भाकरी-उसळ जेवावी, शक्यतो वेळेवर निजावे. परीक्षेसाठी जागायचेच, तर मूठभर फुटाणे जवळ असावेत. त्यांना तळणीचे तेल नसते आणि चावायलाही वेळ लागतो.