परसातली कीड आणि निंबोळी अर्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माढा तालुक्यात, जेथे पर्जन्य बेभरवशाचा पण बांधोबांधी कडुनिंब विपुल, तेथे परसातल्या वांग्या-भेंडीवरील किडीला रासायनिक औषधावाचून इलाजच नाही असे मानणारे जसे भेटतात, तसेच निंबोळी अर्क शिंपडताच सकाळपर्यंत कीड मरून पडेल असे मानणारेही भेटतात. आणि कीड मारणे म्हणजेच तिचा बंदोबस्त, ही दोघांची समजूत एकच असते.

वस्तुतः कडुनिंबाचे कार्य निराळे आहे. १९५९ साली सुदानात टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली असता कडुनिंब तेवढा शाबूत राहिला, हे श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेस आले. पुढे १९६८ मध्ये निंबोळीतून पृथक केलेले अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची अन्नवासना उडवते आणि तिला कात टाकू देत नाही. दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून अर्क कुचकामी ठरवणे हा त्यामुळे अन्याय होय. पावसाळ्याच्या तोंडी पडणाऱ्या पिकल्या निंबोळ्या सावलीत वाळवून, लिटरभर अर्कास ५० ग्रॅम गराची भरड रात्रभर भिजवावी, वस्त्रगाळ करून किंचित साबण मिसळावा, आणि उन्हाने गुण नष्ट होत असल्याने सायंकाळी, पानांच्या खालच्या अंगास, ताजाच फवारावा.

वनस्पतिजन्य ते सारे निरुपद्रवी, हाही भ्रमच. तंबाखूच्या काढ्यातील निकोटीन हे त्वचेतूनही भिनणारे उग्र विष आहे.

मला विशेष खेद होतो तो ढालकिड्याच्या अळीचा. काळसर, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, चिमुकल्या सुसरीसारखी ही अळी गवारीच्या शेंड्यावर मावा खात हिंडत असता तिलाच कीड समजून चिरडण्यात येते, आणि माव्याचा गोड स्राव चाटण्यासाठी त्याची राखण करणाऱ्या मुंग्यांकडे कोणी पाहतही नाही.

वांग्याचा शेंडा पोखरणाऱ्या अळीपुढे मात्र निंबोळीचीही मात्रा चालत नाही, कारण एकदा आत शिरल्यावर तिच्यापर्यंत फवारा पोहोचतच नाही. कामगंध सापळ्यात नर पतंग तेवढे सापडतात. अळी त्याकडे फिरकत नाही. तेव्हा माना टाकलेला शेंडा दिसताच तो बोटभर खालून खुडावा, भोके पडलेली फळेही तोडावीत, आणि उकिरड्यावर न टाकता जाळून टाकावीत; कारण खुडलेल्या शेंड्यातली अळी जिवंत असते, आणि उकिरड्यावरच कोष करून पतंग होऊन ती पुन्हा त्याच वाफ्यावर येते.