एआय एजंट, कॅलेंडर आणि यवतमाळचा पोळा

साधनाची माहिती कशासाठी? कॅलेंडरमध्ये कार्यक्रम नोंदवणाऱ्या साधनाचं नाव, काम आणि त्याला लागणारे तपशील आधी लिहून ठेवतात. एआय एजंट तोच मजकूर वाचून साधन केव्हा आणि कसं वापरायचं ते ठरवतो. एजंटला अशी साधनं जोडण्यासाठीचं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुलं मानक अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

• नेहमीचे रकाने : शीर्षक, सुरुवात, शेवट, ठिकाण, निमंत्रित, आठवण.

• तारीख : वर्ष-महिना-दिवस (आयएसओ ८६०१).

• वेळ : यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ३० मिनिटं पुढे. यवतमाळसाठीही कालविभागाचं नाव ‘एशिया/कोलकाता’ हेच.

• फाइलचं स्वरूप : आयकॅलेंडर. पहिलं मानक १९९८, सुधारित २००९.

• दिवसभराचा कार्यक्रम : आयकॅलेंडरमध्ये शेवटची तारीख धरत नाहीत. २०२५ मधल्या २२ ऑगस्टच्या पोळ्याचा ‘शेवट’ २३ ऑगस्ट लिहावा लागतो. हे साधनाच्या माहितीत स्पष्ट लिहिलं नाही, तर चूक होऊ शकते.

पुनरावृत्ती : बाजार आणि पोळा

आठवडी बाजाराला ‘दर आठवड्याला, अमुक वारी’ हा एक नियम पुरतो. पोळ्याला पुरत नाही. बैलांचा हा सण श्रावण अमावास्येला येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते : २०२४ मध्ये २ सप्टेंबर, २०२५ मध्ये २२ ऑगस्ट. अधिक मास आला की फरक आणखी वाढतो. ‘दरवर्षी याच तारखेला’ हा पर्याय इथे चालत नाही. तारीख पंचांगातून घेऊन प्रत्येक वर्षाची नोंद वेगळी करावी लागते. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. त्याची नोंदही स्वतंत्र.