चाके टेकल्यानंतरची परीक्षा

चाके धावपट्टीला टेकली की प्रवासी निर्धास्त होतात. शेपटीखाली चाक असलेल्या छोट्या विमानाचा वैमानिक मात्र त्याच क्षणी अधिक सावध होतो. विमान किंचित तिरके टेकले, आडव्या वाऱ्याने शेपूट ढकलली आणि वैमानिकाचे पाय क्षणभर सुस्तावले, की ते गर्रकन फिरते. बाहेरच्या बाजूचा पंख झुकून जमिनीला घासतो, कधी चाकाचा दांडाच मोडतो. वैमानिकांच्या बोलीत हा ‘ग्राउंड लूप’.

दोष नशिबाचा नसतो. कारण रचनेतच असते. अशा विमानाची दोन मुख्य चाके पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. नाक जरासे डावीकडे वळले की टायरचे घर्षण पुढचा भाग डावीकडे खेचते, पण मागचे वजन मूळ दिशेनेच जाऊ पाहते. त्यामुळे वळण आपोआप वाढत जाते. बॅडमिंटनचे फूल पिसांकडून फेकले तरी हवेत उलटते आणि जड बूड पुढे येते; इथेही जड बाजू पुढे येण्यासाठी धडपडत असते.

त्यात वैमानिकाचे मुख्य हत्यार, म्हणजे शेपटीवरचे, पायांनी फिरवायचे रडर, बोथट होत जाते. वेग निम्मा झाला की रडरवरचा हवेचा जोर एक चतुर्थांशावर येतो. थ्रॉटल मागे घेतलेले असल्याने प्रोपेलरचा झोतही जेमतेम उरतो. रडर दुबळे झाले आहे, पण विमान अजून वेगात आहे, हा मधला टप्पा सर्वांत धोक्याचा. नाक उंचावलेले असल्याने समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या कडांवरूनच दिशा ओळखावी लागते. म्हणून पाय सतत जागे हवेत. डाव्या पेडलवर छोटा दाब, लगेच सोडून उजव्यावर तसाच. स्टिक पोटाशी ओढलेली, पंखांवरचे एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला. वळण ठळक दिसेपर्यंत थांबले, तर बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्याकडच्या वैमानिकांच्या अनेक तुकड्या याच शिस्तीत घडल्या. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये घडवलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१मध्ये उडाले. १९५८मध्ये पुष्पक आले: कापडाने मढवलेले, ९० अश्वशक्तीचे, दोन आसनांचे. पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत ते रुळले. दोन्ही विमानांना चाक शेपटीखालीच होते.

१९५६मध्ये बाजारात आलेल्या सेसना १७२ला मात्र तिसरे चाक नाकाखाली होते. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आल्याने तिरके टेकलेले विमान स्वतःच सरळ होऊ पाहते. शिकणे सोपे झाले, अपघात टळले. हा बदल योग्यच होता. पण अशी विमाने तिरके टेकण्याची चूक पोटात घालतात, आणि पोटात घातलेली चूक अंगवळणी पडते. मग एखाद्या दिवशी जोराचा आडवा वारा असतो किंवा घाईने स्टिक पुढे ढकलल्याने सगळा भार नाकाच्या चाकावर येतो, आणि तेही विमान धावपट्टी सोडते.

म्हणून प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शेपटीच्या चाकाच्या विमानावर काही तास तरी मिळायला हवेत. त्यासाठी क्लबांना अशी विमाने जपावी लागतील आणि ती चालवायला शिकवू शकणारे प्रशिक्षकही. हा खर्च जुन्या विमानांच्या हौसेचा नाही. विमान पूर्ण थांबेपर्यंत उड्डाण संपत नाही, हे पायांना शिकवण्याचा तो खर्च आहे.