गुहेतला मुक्काम

निफाडच्या शिवारात हिवाळ्यातल्या सकाळी द्राक्षबागेच्या बांधावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं, की सातमाळ्याची डोंगररांग दिसते. त्या रांगेत महादेवाच्या पिंडीसारखा एक डोंगर लगेच ओळखू येतो. त्याला लागून कातळाची लांब भिंत आहे आणि त्या भिंतीला एक खाच पडलेली आहे. हा धोडप. १७६८ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला तो याच किल्ल्याच्या परिसरात. शाळेत इतिहास शिकवताना हे वाक्य मी किती वेळा सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. पण धोडपशी माझी खरी ओळख झाली ती तिथल्या गुहेत पहिली रात्र काढली तेव्हा.

मुलांना डोंगरावर न्यायचं म्हटलं, की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, रात्री राहणार कुठे?" मी म्हणतो, "गुहेत." पुढची दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग हळूच विचारलं जातं, "तिथे कुणी असतं का?" हा प्रश्न मोलाचा आहे. तिथे कुणी नसतं. दार नसतं, कुलूप नसतं, राखणदार नसतो. जे काही असतं ते आपल्या आधी येऊन गेलेल्यांनी ठेवलेलं असतं.

युरोपातल्या डोंगरांत यासाठी रीतसर घरं बांधलेली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली गिर्यारोहकांचा क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्याने पहिली झोपडी उभारली. आज अशी दीडशेच्या आसपास ठिकाणं आहेत. मोसमात तिथे सांभाळणारा माणूस असतो, गरम सूप मिळतं, आणि लांबलचक फळीवर शेजारी शेजारी झोपायचं असतं. मोसम संपला, की तो माणूस खाली उतरतो. पण अनेक ठिकाणी हिवाळ्यासाठी एक खोली उघडी ठेवलेली असते. बर्फावरून स्की लावून येणारी मंडळी तिथे शिरतात, शेगडी पेटवतात आणि मुक्कामाचे पैसे पेटीत टाकून जातात. नॉर्वेतल्या संघटनेचा जन्म १८६८ चा, आणि तिच्या झोपड्या पाचशेहून जास्त. त्यातल्या पुष्कळ बिनमाणसाच्या आहेत आणि सभासदांकडे त्या उघडणारी एकसारखी किल्ली असते. कपाटात डबाबंद अन्न ठेवलेलं असतं. जेवढं घेतलं तेवढ्याचा हिशोब आपणच लिहायचा. निघताना लाकडं फोडून ठेवायची, केर काढायचा. पुढचा माणूस कदाचित वादळातून भिजून, गारठून येईल. त्याला कुऱ्हाड शोधत बसावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार.

आपल्याकडे अशा झोपड्या कुणी बांधल्या नाहीत. आपल्याला त्या आयत्या मिळाल्या. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोन कठीण थरांच्या मधे पुष्कळदा मऊ, लालसर मातकट थर सापडतो. तो आधी झिजतो आणि वरचा कातळ छपरासारखा पुढे राहतो. किल्ले बांधणाऱ्यांनी ही जागा बरोबर हेरली. कुठे नुसती कपार मोठी केली, कुठे खांब सोडून दालनं कोरली, धान्य आणि शिबंदी ठेवली. बाहेर दगड काढला त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. कातळाच्या आत शिरलेलं खांबटाकं तुम्ही पाहिलं असेल. त्यावर ऊन पडत नाही, म्हणून पाणी कमी आटतं आणि मे महिन्यातही गार लागतं. निवारा आणि पाणी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत ते यामुळे. धोडपच्या माथ्याच्या कातळाखाली देवीची गुहा आहे, तिच्या जवळच पाण्याचं टाकं आहे. चांदवडजवळच्या राजधेरवर, इंद्राईवर, पलीकडे साल्हेरवर राहण्याजोग्या गुहा आहेत. हरिश्चंद्रगडाच्या गुहा तर सर्वांनाच ठाऊक.

आता थंडीबद्दल. निफाडकरांना थंडीचं कौतुक सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला, की दुसऱ्या दिवशी राज्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत आपल्या गावाचं नाव येतं. इकडे बागाईतदार पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. साहजिकच लोकांना वाटतं, की इथे एवढं गारठतं तर डोंगरावर माणूस गोठूनच जाईल. मी एकदा साधा थर्मामीटर बरोबर नेला होता. धोडपच्या गुहेत पहाटे जो आकडा दिसला, तो त्याच दिवशीच्या निफाडच्या आकड्यापेक्षा चांगला चार-पाच अंशांनी वर होता. मुलांना वाटलं, थर्मामीटर बिघडला.

तो बिघडला नव्हता. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे टाकत जाते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि गोदावरी-कादवेच्या काठच्या सखल रानात साचून राहते. डोंगराचा माथा या साचलेल्या थंडीच्या वर असतो. शिवाय गुहेला दगडाचं छत आहे. दिवसभर तापलेला कातळ रात्री हळूहळू निवतो आणि आपलं अंग उघड्या आभाळाला तोंड देत नाही. दव पडत नाही. बाहेर तंबू ठोकलेले सकाळी ओलेचिंब होऊन उठतात आणि गुहेतले कोरड्या पांघरुणात असतात. मात्र वारा सुटला की हे सगळं गणित उलटतं. माथ्यावरचा वारा अंगातली ऊब ओढून नेतो. म्हणून गुहेचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे अंधार पडायच्या आत पाहून घ्यावं.

गुहेत झोपणाऱ्याची खरी थंडी खालून येते. पहिल्यांदा येणारी माणसं दोन-दोन ब्लँकेटं अंगावर घेतात आणि खाली एक चादर अंथरतात. करायला हवं याच्या उलट. दगड आपल्या अंगातली ऊब रात्रभर शोषून घेतो. वाळलेलं गवत, पोती, फोमची सतरंजी, काही नाही तर रिकामी सॅक, पण पाठीखाली जाड काहीतरी हवंच. घामाने ओला झालेला शर्ट बदलून झोपावं आणि डोक्याला मफलर गुंडाळावा. बूट सकाळी झटकून घालावेत, विंचवाला उबदार जागा आवडते. खाण्याची पिशवी उंच टांगावी, कारण गुहेत उंदरांची वस्ती आपल्या आधीपासून आहे.

आणि शेकोटी? माझं मत इथे अनेकांना आवडत नाही. गुहेच्या आत शेकोटी नको. धूर छताला कोंडतो, डोळे चुरचुरतात, शेकडो वर्षांच्या कोरीव कामावर काजळी बसते आणि तापलेल्या दगडाचे कपचे निघतात. त्याहून मोठा धोका आग्या मोहोळाचा. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांना ही पोळी लटकलेली असतात आणि धुराने माश्या उठल्या, तर पळायला जागा नसते. चहा-खिचडीपुरता स्टोव्ह पेटवावा, तोही गुहेच्या तोंडाशी. बंद तंबूत तर कधीच नाही. जळणाऱ्या स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

आता पाण्याची गोष्ट. २००४ च्या फेब्रुवारीत आठवीची अकरा मुलं घेऊन मी धोडपला गेलो. निफाडहून पिंपळगाव बसवंत, तिथून महामार्गाने वडाळीभोई, पुढे धोडांबे आणि पायथ्याचं हट्टी गाव. संध्याकाळी साडेसहाला गुहेशी पोचलो. वरच्या टाक्याच्या भरवशावर आम्ही पाणी बेताचं घेतलं होतं. ही चूक माझी, ती कबूल करतो. टाक्यात वाकून पाहिलं तर पाण्यावर तेलाचा तवंग, भाताची शितं, कागदी द्रोण आणि साबणाचा फेस. आमच्या आधी कुणी पंगत उठवून भांडी थेट टाक्यात घासली होती. आमच्याकडे सगळी मिळून चार लिटर पाणी. त्यात एका मुलाला उन्हाने उलट्या सुरू झालेल्या.

टाक्याचं पाणी फडक्याने गाळून उकळलं तर जंतू मरतात, साबण आणि कुजलेलं तेल जात नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून उतरायचं ठरवलं. तीन टॉर्च, अकरा मुलं आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या. दोन पायऱ्यांवर माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. पुढे एक मोठा मुलगा, मधे आजारी पोराला धरून मी, आणि प्रत्येकाने पुढच्याची सॅक धरलेली. हट्टीत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. एका घरातल्या आजींनी कडी काढली, आमच्याकडे एकवार पाहिलं आणि काही न विचारता हंडा ओट्यावर आणून ठेवला. आजारी मुलाला मीठ-साखरेचं पाणी दिलं. तो सकाळी भाकरी मागत होता.

त्यानंतर माझे नियम ठरले. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं, टाक्याचा भरवसा धरायचा नाही. टाक्याचं पाणी घ्यायचं तर ते भांड्याने उपसून, गाळून, उकळून. टाक्यात हात-पाय धुवायचे नाहीत. भांडी टाक्यापासून पन्नास पावलं लांब, मातीने घासायची. शौचाला त्याहून लांब आणि उताराच्या बाजूला, कारण कातळातल्या भेगांमधून सगळं खालच्या टाक्यात झिरपतं. वर चढायच्या आधी गावात एका घरी आपली नावं आणि उतरण्याची वेळ सांगून ठेवायची. जमलं तर तिथेच पिठलं-भाकरी सांगायची आणि तिचे पैसे घासाघीस न करता द्यायचे. मोबाइल आले तरी हा नियम मी सोडलेला नाही. डोंगराच्या आड रेंज जाते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

मुक्कामाची परवानगी मात्र आता विचारून घ्यावी लागते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याचे नियम लागतात. २०२५ मध्ये साल्हेरसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. काही जुन्या भटक्यांना ही बंधनं जाचक वाटतात. मलाही वाटतात, पण ते टाकं आठवलं, की तक्रार घशातच राहते.

पहिल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. तेव्हा आम्ही तिघे मित्र होतो. वाट चुकल्यामुळे अंधारात गुहेत शिरलो आणि आमची काड्यापेटी घामाने भिजून गेलेली. चाचपडताना देवीच्या कोनाड्यात हाताला प्लॅस्टिकची पिशवी लागली. आत अर्धी मेणबत्ती, काड्यापेटी आणि कागदाच्या पुडीत मीठ. कुणी ठेवलं होतं, कधीच कळलं नाही. तेव्हापासून गुहेतून निघताना मी तशीच एक पुडी कोनाड्यात ठेवतो. मागच्या जानेवारीत गेलो, तेव्हा आधीच एक पिशवी तिथे होती. काड्या मोजल्या, सात होत्या. मी माझी पेटी तिच्याशेजारी ठेवली आणि खाली उतरलो.